दोर धरणारा

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हाच्या राजाचं नाव आता कुणाला सांगता येणार नाही. राजा बरा असावा, कारण त्याच्याविषयी तक्रारीही कुणी लिहून ठेवलेल्या नाहीत.

त्याच्या राज्यात माळावर एक गाव होतं. गावातले सगळे लोक विहिरी खणायचे. आसपासच्या पन्नास गावांत ज्या ज्या विहिरीला पाणी होतं, ती ती यांच्याच हातची. जमिनीला कान लावून ही माणसं खाली मुरूम आहे की काळा खडक, ते सांगायची. बाकी व्यवहारात ती तुमच्या-माझ्यासारखीच होती, म्हणजे काही बाबतींत फार शहाणी आणि काही बाबतींत अगदीच भाबडी.

या लोकांची एक रीत होती. विहिरीत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा आणि दुसऱ्याने काठावर तो हातात धरून बसायचं. खालून पहारीचा आवाज येत राहिला पाहिजे. आवाज मंदावला की वरच्याने हाक घालायची. उत्तर उशिरा आलं की दोराला तीन हिसके द्यायचे. तीन हिसके बसले की खालच्याने हातातलं काम टाकून वर यायचं. का, कशाला, एवढा दगड फोडू दे, असलं काही बोलायचं नाही. वाद घालायचा तो वर आल्यावर.

याला कारण होतं. खोल विहिरीत कधी कधी खडकाच्या फटीतून वाईट हवा येते. तिला रंग नसतो, वास नसतो. ती अंगावर आली तरी माणसाला त्रास होत नाही, उलट जरा बरंच वाटतं, डोळे जड होतात. म्हणजे ज्याचा जीव जाणार असतो त्याला पत्ताच नसतो. वरच्याला मात्र कळतं. म्हणून वरच्याचं ऐकायचं, अशी रीत पडली होती. या रीतीमुळे त्या गावात तीन पिढ्यांत विहिरीत एकही माणूस दगावला नव्हता.

गावात दोर धरायला सगळ्यांत भरवशाचा माणूस म्हणजे तिथला म्होरक्या. चाळिशीचा, बोलायला कमी, कानाने तीक्ष्ण. त्याने दोर धरलाय असं कळलं की खाली उतरलेल्याची बायको घरी निवांत भाकरी थापायची. त्याचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, तर दुसऱ्या कुणी दोर धरला असेल तर विहिरीत उतरायचाच नाही.

त्या वर्षी या लोकांना बाजारच्या गावी विहीर खणायचं काम मिळालं. जागा गावाच्या कडेला होती. तिथून हाकेच्या अंतरावर चिंचेचं मोठं झाड होतं, आणि दर बाजारी त्या चिंचेखाली एक फासेवाला पट अंथरून बसायचा.

फासेवाला माणूस गोड होता. कुणाला हाक मारून बोलवायचा नाही. नुसता हसायचा आणि शेजारी बसायला जागा करून द्यायचा. आलेल्याला आधी पाणी विचारायचा, मग घरच्यांची खुशाली. वाईट माणसं वाईट दिसली असती तर जगात किती सोय झाली असती.

एका दुपारी जेवणं उरकल्यावर म्होरक्या गंमत म्हणून तिथे बसला. तीन डाव खेळला आणि तांब्याची एक घागर जिंकून घरी आला. बायकोने ती घासून पुसून उंबऱ्यातून दिसेल अशी ठेवली. त्या दिवशी तो हरला असता तर गोष्ट इथेच संपली असती आणि मलाही एवढं बोलावं लागलं नसतं. पण तो जिंकला.

पुढच्या बाजारी तो हरला. त्याच्या पुढच्या बाजारी हरलेलं परत मिळवायला बसला, आणि आणखी हरला. मग त्याला वाटू लागलं की इतक्या वेळा उलटं पडलं, त्या अर्थी आता सुलटं पडायची वेळ जवळ आली आहे. फाशांना मागचं काही आठवत नसतं, हे त्याला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं.

बाजार आठवड्यातून एकदाच भरायचा, पण म्होरक्याच्या डोक्यात तो रोज भरू लागला. जेवताना घास हातात राहायचा. मुलगी काही सांगायची तेव्हा तो मान हलवायचा, आणि तिने काय सांगितलं असं विचारलं की गडबडायचा. झाडावर दोन कावळे बसलेले दिसले तर आधी कोणता उडेल, यावर तो मनातल्या मनात डाव लावायचा. घरी यायला उशीर झाला की काहीतरी खोटं सांगायचा, आणि ते खोटं लक्षात ठेवण्यातच दमून जायचा. पूर्वी खेळताना तो हसायचा तरी, आता हसतही नव्हता. जिंकला तरी त्याला सुख नव्हतं, फक्त पुढचा डाव दिसायचा. मुलांनो, नुसता खेळणारा आणि खेळाच्या तावडीत सापडलेला यांच्यातला फरक हाच आहे, आणि मोठ्यांनो, तुम्हीही हे ऐकून ठेवलेलं बरं.

एक दिवस ती तांब्याची घागर उंबऱ्यासमोरून नाहीशी झाली. बायकोला काय ते कळलं. तिने त्याला विचारलं, "अहो, तुमचं काही बिनसलंय का?"

"मला काय झालंय?" तो म्हणाला. "मी चांगला हाय की."

आणि यातलं वाईट हे, की त्याला खरंच तसं वाटत होतं.

आता गावातल्या शहाण्यांनी काय केलं ते सांगतो. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी सांभाळून घेतलं. मेव्हण्याने आपल्या कणगीतली ज्वारी गुपचूप बहिणीच्या घरी पोचवली. बरोबरचे गडी म्हणाले, इतकं राबतो, घटकाभर बसला तर बसू द्या. बायकोने शेजारणीला सांगितलं की घागर माहेरी दिलीय. ज्या माणसांनी पहारीचा एक ठोका चुकला तर सख्ख्या भावाला ओढून वर काढलं असतं, त्यांना हा माणूस दिवसाढवळ्या डोळ्यांसमोर खाली खाली चाललेला दिसत होता, आणि एकानेही हिसका दिला नाही. दोर फक्त विहिरीसाठी असतो, अशी त्यांची समजूत होती. शिवाय म्होरक्याला कोण बोलणार? मला या लोकांचा राग येतो, पण त्यांच्या जागी मी असतो तर मीही ज्वारीच पोचवली असती.

असं करता करता तो बाजार आला.

विहीर अकरा परस खोल गेली होती. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढी खोली, तशी अकरा माणसं एकावर एक उभी करा. सकाळी दिवा सोडून हवा तपासली होती, ज्योत नीट जळली होती. दुपारी बाकीचे गडी बाजारात भाजीपाला आणायला गेले. मेव्हणा खाली फटीतला एक दगड सैल करत होता, आणि दोर म्होरक्याच्या हातात होता.

चिंचेखालून फासे खुळखुळल्याचा आवाज आला. मग कुणीतरी जिंकल्याचा गलका झाला.

म्होरक्याने दोर काठावरच्या खुंटाला बांधला. एक डाव टाकून येऊ, असं त्याला वाटलं. पहारीचा आवाज तर व्यवस्थित येत होता. दोर खुंटाला बांधणं त्या गावात महापाप होतं, आणि त्याने स्वतः कितीतरी पोरांना ते शिकवलं होतं. पण त्याचे पाय चिंचेकडे निघाले होते.

एका डावात तो जिंकला, आणि जिंकला म्हणूनच उठला नाही. दुसरा डावही त्याचाच. तिसऱ्याला त्याला वाटलं की आज आपला दिवस आहे, आणि विहीर, दोर, मेव्हणा हे सगळं त्याच्या मनातून पुसलं गेलं.

त्याच वेळी गावातला दोर वळणारा म्हातारा नव्या दोराचं वेटोळं खांद्यावर घेऊन विहिरीपाशी आला. अंबाडीचे दोर वळून देणं हेच त्याचं काम, आणि गावातला प्रत्येक दोर त्याच्याच हातचा. त्याने काय पाहिलं, तर दोर खुंटाला बांधलेला, आणि काठावर कुणी नाही. त्याने खाली वाकून हाक घातली. उत्तर आलं नाही. म्हाताऱ्याने जी बोंब ठोकली ती साऱ्या बाजाराने ऐकली. माणसं धावली, दोर ओढला, आणि मेव्हणा वर आला तो मान टाकलेला, ओठ जांभळे पडलेले.

म्होरक्या पोचला तेव्हा त्याच्या उपरण्यात जिंकलेलं बांधलेलं होतं. ते कुठे पडलं, कुणी उचललं, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. लोक मेव्हण्याला पालथा-उताणा करत होते, वारा घालत होते, तोंडावर पाणी मारत होते. बराच वेळ काहीच झालं नाही. मग त्याच्या छातीत घरघर झाली आणि त्याने डोळे उघडले.

त्याने आजूबाजूच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि तो बुचकळ्यात पडला. "दाजी, मला वर का काढलं?" तो म्हणाला. "मी चांगला व्हतो की."

तेच शब्द म्होरक्याने किती दिवस घरी ऐकवले होते. आपणही कुठेतरी खोल बसलो आहोत आणि आपल्याला बरं वाटतंय, एवढं त्याला त्या क्षणी कळलं. तो लहान मुलासारखा रडला, आणि कुणी त्याची समजूत घातली नाही.

गावाने त्याला वाळीत टाकलं नाही, दंडही केला नाही. फक्त दोर त्याच्या हातातून काढून घेतला. दुसऱ्या दिवसापासून तो मुरुमाच्या पाट्या उपसू लागला, नवख्या गड्यासारखा. त्याने देवासमोर शपथ घेतली, बायकोसमोर घेतली, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून घेतली. त्याला वाटलं, झालं, सुटलो.

आठ दिवसांनी बाजार आला. म्होरक्या मीठ आणायला निघाला, आणि भानावर आला तेव्हा तो चिंचेच्या वाटेवर अर्ध्यात पोचला होता. कुणी ढकललं नव्हतं, कुणी बोलावलं नव्हतं. एवढं सगळं होऊनही पाय इकडेच वळतात, हे पाहून तो विहिरीपाशी घाबरला नव्हता इतका घाबरला. तो तसाच माघारी फिरला आणि थेट दोर वळणाऱ्या म्हाताऱ्याच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

"नाना," तो म्हणाला, "मला एकट्याला न्हाई जमत. मला वर वढा."

म्हाताऱ्याने हातातलं काम थांबवलं नाही. "बस," तो म्हणाला. "मी वाटच बघत व्हतो. शपथ किती डाव घेतलीस?"

"तीन."

"मी सात डाव घेतली व्हती."

मग म्हाताऱ्याने सांगितलं ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. तरुणपणी दूरच्या मुलखात त्याचे दोन बैल, शेताचा तुकडा आणि बायकोचा विश्वास पटावर गेला होता. पहिल्या दोन गोष्टींचं त्याला आता काही वाटत नव्हतं. आज चाळीस वर्षं त्याने फाशाला हात लावला नव्हता, पण अजून बाजाराच्या दिवशी तळहात शिवशिवतो म्हणाला. म्हणूनच तो बाजाराला जात नाही, आणि गेलाच तर खांद्यावर वेटोळं घेऊन जातो, म्हणजे बसता येत नाही.

"मग मी सुटणार कसा?" म्होरक्याने विचारलं.

"खाली असलेला माणूस आपला आपण वर येत असता, तर आपल्याला दोर कशाला लागला असता? वढायचं काम वरच्यांचं. तू कमरेला बांधून घे, म्हणजे झालं. पन गाठ तुझ्या हातानं बांधायची, आनि सगळ्यांदेखत."

म्होरक्याने तसं केलं. त्याने पारावर माणसं जमवली आणि उभं राहून सांगितलं की मला फाशाचा नाद आहे, मी तुमच्याशी खोटं बोललो, मला उसनं देऊ नका, आणि मी चिंचेकडे जाताना दिसलो तर हिसका द्या. बोलून झाल्यावर त्याला त्या रात्री गाढ झोप लागली, कारण लक्षात ठेवायला आता एकही खोटं उरलं नव्हतं. बायकोने शेजारणीला घागरीचं खरं सांगितलं. शेजारीण म्हणाली, मला तेव्हाच कळलं होतं, आणि मग दोघी कितीतरी दिवसांनी मनसोक्त हसल्या.

यानंतर मजुरी बायकोच्या हातात येऊ लागली. दर बाजारी म्होरक्या म्हाताऱ्याच्या अंगणात अंबाडी सोलायला बसायचा. म्हातारा उपदेश करायचा नाही. हुक्की आली की म्होरक्याने नुसतं "आली" म्हणायचं, आणि म्हाताऱ्याने "येऊ दे, सोलत राहा" म्हणायचं. हुक्की पाहुणी असते, तिला जेवायला वाढलं नाही की उठून जाते, असं त्याचं म्हणणं होतं. दोन पेंढ्या सोलून होईपर्यंत ती खरंच निघून जायची.

सगळं सरळ झालं असं मात्र समजू नका. चौथ्या महिन्यात म्हातारा तापाने पडला होता, तेव्हा म्होरक्या घसरला. चिंचेखाली बसला आणि अंगावरची पैरण हरून उठला. पण या वेळी त्याने लपवलं नाही. तसाच उघड्या अंगाने भर बाजारातून चालत म्हाताऱ्याच्या खाटेपाशी आला आणि घडलं ते सांगितलं. म्हाताऱ्याने अंगावरची घोंगडी त्याला दिली आणि तापातच म्हणाला, "सांगायला त्याच दिवशी आलास. मला सांगायला दोन वर्सं लागली व्हती." त्या दिवसानंतर म्होरक्याने आणखी एक माणूस जोडून घेतला, म्हणजे म्हातारा आजारी असला तरी जायला एक दार असावं. तो माणूस म्हणजे बाजारच्या गावचा कासार. तोही एके काळी चिंचेखालचंच गिऱ्हाईक होता. पुढे म्हाताऱ्याच्या अंगणात बाजाराच्या दिवशी असे पाचसहा जण दिसू लागले. लोक म्हणायचे, या गावात दोराला एवढं गिऱ्हाईक कुठून आलं?

दोन वर्षं गेली. या दोन वर्षांत म्होरक्याने एकदाही दोर मागितला नाही. पाट्या उपसल्या, पहार धरली, सगळं केलं, पण काठावरच्या त्या जागेकडे तो पाहायचाही नाही. मनातून मात्र त्याला तेवढंच हवं होतं. बाकी सगळं त्याला परत मिळालं होतं, मुलगीही पुन्हा त्याच्याशी भांडू लागली होती. एकच गोष्ट मिळाली नव्हती, आणि ती मागून मिळणारी नव्हती.

एका हिवाळ्यात शेजारच्या गावी नवी विहीर धरली. ती नऊ परस खाली गेली, आणि त्या सकाळी मेव्हणा उतरायला पुढे झाला. त्या बाजारानंतर दोन वर्षांत तो विहिरीत उतरला नव्हता. त्याने कमरेला गाठ मारली, ओढून पाहिली, आणि दोराचं दुसरं टोक हातात घेऊन काठावरच्या गड्यांकडे बघत उभा राहिला. गड्यांनी हात पुढे केले. तो त्यांना ओलांडून पाट्यांच्या ढिगापाशी गेला आणि टोक म्होरक्याच्या पुढ्यात धरलं.

"धरा, दाजी," तो म्हणाला.

म्होरक्याचे डोळे भरून आले. त्याने दोर हातात घेतला, आणि मग आणखी एका गड्याला हाक मारून म्हणाला, "तूबी ये माझ्या जोडीला. माझं ध्यान गेलं तर मला हिसका दे."

कुणी हसलं नाही. तो गडी आला आणि शेजारी बसला. मेव्हणा खाली उतरला, आणि उतरताना त्याने एकदाही वर पाहिलं नाही. दुपारपर्यंत खालून पहारीचा आवाज एका लयीत येत होता. तिसऱ्या प्रहरी ठोक्याचा आवाज बदलला, ओला झाला, आणि पाणी लागलं.

त्या दिवसापासून त्या गावात दोराला दोघं बसू लागले. एकटा माणूस कितीही भरवशाचा असला, तरी त्याच्यावरही लक्ष ठेवायला कुणी हवं, हे त्यांना पटलं होतं. यात कुणाचा अपमान आहे असं कुणालाच वाटलं नाही. म्होरक्याला तर मुळीच नाही.

बोध: व्यसनात बुडत चाललेल्याला आपण बरे आहोत असंच वाटत असतं, म्हणून ज्याला ते दिसतं त्याने वेळेवर हिसका द्यावा, आणि ज्याला तो बसतो त्याने लाज न धरता वर यावं.